नाव झाकावे की छापावे : लहान शोधपत्रिकेसाठी परीक्षणाच्या दोन पद्धती

विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्राह्य शोधपत्रिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि कोणती पत्रिका ग्राह्य धरायची हे ठरवण्याचे काम पुन्हा विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्याकडे आले. तेव्हापासून सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर इथल्या महाविद्यालयांतून शोधपत्रिका चालवणाऱ्या, किंवा नव्याने काढू पाहणाऱ्या, दोन-तीन सहकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : परीक्षणाच्या, म्हणजे छापण्यापूर्वी निबंध जाणकाराकडून तपासून घेण्याच्या, धोरणाच्या पानावर ‘दुहेरी निनावी’ लिहावे की ‘उघड’? समाजशास्त्रे आणि स्थानिक इतिहास यांना वाहिलेल्या एका लहान षण्मासिकाचे संपादन मी नऊ वर्षे करतो आहे. त्यातली पहिली सहा वर्षे निनावी परीक्षणाची आणि गेली तीन उघड परीक्षणाची. दुहेरी निनावी पद्धतीत लेखक आणि परीक्षक या दोघांनाही एकमेकांची नावे कळू देत नाहीत, एवढे सांगून पुढे जातो. ‘उघड’ हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, इतका की २०१७ च्या एका पद्धतशीर आढाव्यात त्याच्या १२२ व्याख्या सापडल्या. म्हणून माझ्यापुरता अर्थ सांगतो. आमच्याकडे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावे माहीत असतात, आणि निबंध स्वीकारला गेला तर परीक्षणाचा अहवाल परीक्षकाच्या नावासह निबंधाच्या मागे छापला जातो.

निनावी पद्धतीची बाजू कमकुवत आहे असे कोणी समजू नये. पीटर्स आणि सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अजूनही अस्वस्थ करतो. नामांकित संस्थांतल्या लेखकांचे आधीच छापून आलेले बारा निबंध त्यांनी लेखकांची आणि संस्थांची काल्पनिक नावे घालून त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठवले. फसवणूक तीन ठिकाणी ओळखली गेली. उरलेल्या नऊपैकी आठ निबंध नाकारले गेले, आणि त्यामागे पद्धतीतले गंभीर दोष हे कारण सांगितले गेले. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि त्यांचे फारसे परिचित नसलेले सहलेखक यांचा एकच निबंध तीन प्रकारे परीक्षकांना दाखवला गेला. स्मिथ यांचे नाव दिसत होते तेव्हा तो नाकारा म्हणणारे २३ टक्के होते, नाव झाकल्यावर ४८ टक्के झाले, आणि अपरिचित सहलेखकाचे नाव दिसल्यावर सुमारे ६५ टक्के. सोलापूरचा पत्ता घालून दूरच्या मोठ्या पत्रिकेला निबंध पाठवणाऱ्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. लेखक म्हणून मी स्वतः आजही, पर्याय असेल तिथे, नाव झाकलेलेच पसंत करतो.

संपादक म्हणून मात्र माझे मत हळूहळू बदलत गेले, आणि ज्या गोष्टीने ते बदलले ती तशी किरकोळ, रोजच्या कामातली आहे.

दुहेरी निनावी पद्धतीत निबंध परीक्षकाकडे जाण्यापूर्वी लेखकाच्या खुणा पुसाव्या लागतात. पहिल्या पानावरचे नाव काढणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. मग ‘प्रस्तुत लेखकाने आपल्या पीएच.डी. प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ असली वाक्ये शोधायची, ऋणनिर्देश बाजूला काढायचा, फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन लेखकाचा रकाना रिकामा करायचा. त्या रकान्यात बहुधा नवी पेठेतल्या एखाद्या टंकलेखन केंद्राचे नाव असते, आणि त्या केंद्रातून कोणत्या मार्गदर्शकाचे विद्यार्थी प्रबंध टाइप करून घेतात हे आमच्याकडे पुष्कळांना माहीत असते. एक ज्येष्ठ प्राध्यापक अजून जुन्या श्रीलिपीतच मजकूर पाठवत. त्यांच्या निबंधावर नाव असले काय आणि नसले काय, अक्षरवळण पाहून परीक्षक त्यांना ओळखत. एकेका अंकासाठी माझे दोन-तीन रविवार या पुसापुशीत जात.

तेही मी आनंदाने केले असते, पण एका दुपारी तासिका संपवून बाहेर पडतो तोच एका परीक्षकांचा फोन आला. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यांवरचा एक निबंध मी त्यांच्याकडे दोन दिवसांपूर्वी पाठवला होता. “सर, हा आपल्या अमक्या सरांच्या विद्यार्थिनीचाच ना?” त्यांनी सहज विचारले. मी “ते मला सांगता येणार नाही,” असे म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, “असू द्या, सरांनाच विचारतो. कालच विद्यापीठात भेट झाली होती.” पुढच्या आठवड्यात लेखिका भेटायला आल्या. अतिशय संकोचाने त्या म्हणाल्या, “सर, माझा निबंध कोणाकडे आहे हे मी विचारत नाही. पण तो पाठवल्याचे मी गाइडसरांनाही सांगितले नव्हते, मग त्यांना कसे कळले?” माझ्याजवळ देण्यासारखे उत्तर नव्हते.

नंतर अहवाल आला. त्यात तीन ओळींचा अभिप्राय होता आणि ‘पुढील साहित्याचा आढावा घेणे अत्यावश्यक’ म्हणून चार निबंधांची यादी होती. चारही निबंध एकाच लेखकाचे, आणि तो लेखक कोण हे मला अर्थातच ठाऊक होते. परीक्षकांनी निव्वळ आपली संदर्भसंख्या वाढावी म्हणून स्वतःचे लेखन सुचवू नये, असे प्रकाशन-नीतीसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या ‘कोप’ या समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, आणि आमच्या धोरणाच्या पानावर त्या तत्त्वांचा उल्लेखही ठळक अक्षरांत होता. तरीही तो अहवाल मी जसाच्या तसा लेखिकेकडे पाठवला, कारण अंकाला उशीर होत होता आणि त्या विषयावर दुसरा परीक्षक मिळणे अवघड होते. लेखिकेने चारही संदर्भ मुकाट्याने घातले. यात परीक्षकांची चूक होती तशी माझीही होती, आणि कदाचित माझी अधिक होती. अहवाल पुढे पाठवण्यापूर्वी तो तपासणे हे संपादकाचे काम आहे, टपाल पोचवणे नव्हे.

त्या प्रसंगानंतर मी जुन्या फायली काढून पाहिल्या. मोजमाप म्हणावे असे काही केले नाही, तरी एक गोष्ट वारंवार दिसली. आपल्या भागात १९३० च्या मार्शल लॉचे अस्सल कागद वाचणारे, यंत्रमागावरच्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबांवर लिहिणारे किंवा विडी उद्योगाचा अभ्यास करणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे लेखकाचे नाव परीक्षकाला जवळजवळ दर वेळी कळते. परीक्षकाचे नाव मात्र लेखकाला क्वचितच कळते, विशेषतः लेखक नवखा असेल तर. म्हणजे धोरणाच्या पानावर पडदा दोन्ही बाजूंना असतो, पण प्रत्यक्षात तो फक्त ज्येष्ठाच्या बाजूने शिल्लक राहतो. ज्याला आडोशाची खरी गरज होती तो उघड्यावर येतो, आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला आडोसा मिळतो. मोठ्या विषयक्षेत्रात, जिथे परीक्षक दुसऱ्या खंडात बसलेला असतो, तिथे हे इतके घडत नसावे. आमच्या पत्रिकेत ते घडत होते, आणि दोन्ही नावे उघड करावीत असे मला तेव्हाच प्रथम वाटले.

उघड पद्धतीचे तोटे मात्र मी पहिल्याच अंकात भोगले. नऊ जणांना विचारले तेव्हा तिघांनी होकार दिला. एकाने कारण लेखी दिले नाही, पण फोनवर सांगितले, “मी ज्यांच्या निबंधावर दोष दाखवणार, तेच उद्या माझ्या बढतीच्या मुलाखतीत समोर बसणार. तुम्हीच सांगा, सही कशी करू?” ही भीती खोटी नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने परीक्षकांची नावे लेखकांना सांगायला १९९९ मध्ये सुरुवात केली. त्याच वर्षी तिथे प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, की नाव उघड होणार म्हटल्यावर परीक्षणाच्या दर्जात किंवा लागणाऱ्या वेळात महत्त्वाचा फरक पडत नाही, पण परीक्षणाला नकार देणाऱ्यांचे प्रमाण वाढते. नकाराच्या बाबतीत माझा अनुभव तंतोतंत तोच आहे. दर्जाच्या बाबतीत तो वेगळा आहे, पण माझी पत्रिका वर्षाला जेमतेम वीस निबंध छापते, तेव्हा माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचे ते वाचकाने ठरवावे.

मला दिसलेला फरक असा. निनावी काळात ‘निबंध उत्तम आहे, छापण्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे अहवाल माझ्याकडे ढिगाने आहेत. तीच ओळ स्वतःच्या नावानिशी छापून येणार म्हटल्यावर कोणाला ती पुरेशी वाटत नाही, असे दिसते. अहवाल दोन-अडीच पानांचे झाले. आम्ही निबंध मिळाल्याची आणि अहवाल आल्याची तारीखही छापतो, त्यामुळे निबंध पाच-पाच महिने टेबलावर पडून राहण्याचे प्रकार कमी झाले. भाषा सौम्य झाली आणि काही वेळा गरजेपेक्षा जास्त सौम्य झाली, हेही कबूल करतो. ‘लेखकाने या मुद्द्याचा पुनर्विचार केल्यास निबंध अधिक समृद्ध होईल’ या वाक्याचा अर्थ ‘हा मुद्दा चूक आहे’ असा घ्यायला आता आमचे वाचक शिकले आहेत. तरुण परीक्षकांसाठी एक वाट ठेवली आहे : त्यांनी मागितल्यास अहवाल नावाशिवाय छापला जातो आणि त्याखाली ‘या अहवालाची जबाबदारी संपादकाची’ असे लिहून मी सही करतो. पद्धत शुद्ध राहावी म्हणून तरुण माणसाला अडचणीत टाकणे मला जमले नसते.

दोन्ही पद्धतींना जे साधत नाही त्याबद्दल थोडक्यात. खोटे परीक्षक उभे करणारा माणूस कोणत्याही धोरणाला गुंडाळतो. बनावट ओळखी आणि ईमेल पत्ते वापरून आपल्याच निबंधांचे परीक्षण घडवून आणल्याच्या प्रकरणात ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ला २०१४ मध्ये ६० निबंध मागे घ्यावे लागले, आणि २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या पत्रिकांतून मागे घेतलेल्या निबंधांची संख्या आठ हजारांवर गेली. लेखकाने सुचवलेल्या परीक्षकाचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन पडताळणे हाच त्यावरचा आपल्या आवाक्यातला उपाय आहे. दुसरे म्हणजे अप्रकाशित निबंध चॅटबॉटला देऊन अहवाल लिहून घेणे. तो गोपनीयतेचा भंग आहे, मग परीक्षकाचे नाव झाकलेले असो की छापलेले. आमच्याकडे असा एक अहवाल आला आणि त्यात निबंधात नसलेल्या तक्त्याची स्तुती होती. शुल्क भरा आणि चार दिवसांत छापा, असे सांगणाऱ्या पत्रिकांचा इथे विचारच केलेला नाही, कारण तिथे परीक्षणाची पद्धत निवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

तुमची पत्रिका विज्ञानाची असेल, लेखक आणि परीक्षक देशभरातून येत असतील आणि खुणा पुसायला हाताशी माणूस असेल, तर दुहेरी निनावी पद्धत अजूनही चांगली आहे, असे मला वाटते. विषय स्थानिक असेल आणि निम्मे परीक्षक एकमेकांना लग्नकार्यात भेटत असतील, तर मी उघड पद्धतीकडे झुकेन. मात्र पहिले दोन अंक उशिरा निघतील, याची कल्पना प्राचार्यांना आधीच देऊन ठेवावी.

फोन करणाऱ्या त्या परीक्षकांना मी उघड पद्धतीतही निमंत्रण पाठवले होते. ते नाही म्हणतील असे वाटले होते, पण त्यांनी होकार दिला आणि सव्वादोन पानांचा अहवाल पाठवला. त्यात त्यांनी स्वतःचा एक निबंध सुचवला होता. मी तो काढून वाचला. लेखकाच्या दुसऱ्या विभागाला त्याची खरोखरच गरज होती.