राजारामपुरीतील श्रवणयंत्र केंद्र : यंत्राच्या कंपनीआधी नोंदणी क्रमांक पाहावा

कोल्हापुरात श्रवणयंत्र घ्यायचे म्हटले तर विक्रेत्यांची वानवा नाही. चष्म्याच्या दुकानात ते मिळते, घरी येऊन बसवून देणारेही भेटतात आणि ऑनलाइन तर कानाची तपासणी न करताच मागवता येते. म्हणूनच वडिलांसाठी यंत्र घेताना ते कोणत्या कंपनीचे असावे यापेक्षा कोणाच्या हातून घ्यावे, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटला. राजारामपुरीतील ज्या केंद्रातून आम्ही ते घेतले, त्याचे परीक्षण मी मुख्यतः याच अंगाने करीत आहे.

अमेरिकेत श्रवणयंत्र बसवून विकणाऱ्याला त्या त्या राज्याचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. आपल्याकडे ही जबाबदारी दोन ठिकाणी विभागलेली आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असल्यामुळे विक्रीची नोंदणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. पण ती नोंदणी मालाची आणि दुकानाची असते, कान तपासणाऱ्या माणसाची नसते. त्या माणसासाठी १९९२ चा भारतीय पुनर्वसन परिषद कायदा आहे. त्यातील व्याख्येत ऑडिओलॉजिस्ट (श्रवणशक्ती तपासणारे तज्ज्ञ) तर येतातच, शिवाय श्रवणयंत्र आणि इअर मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, यंत्राला जोडायचा साचा) यांचे तंत्रज्ञही येतात, आणि मान्यताप्राप्त पात्रता असल्याशिवाय व परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय यांपैकी कोणालाही देशात कोठेही व्यवसाय करता येत नाही. कायदा मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात ठेवली आहे. हजार रुपयांच्या दंडाचा आज कोणाला धाक वाटेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ही चौकशी ग्राहकाने स्वतः करणे भाग आहे.

या केंद्रात ती चौकशी करताना अवघडल्यासारखे झाले नाही. दोन्ही नोंदण्यांची प्रमाणपत्रे स्वागतकक्षातच लावलेली आहेत आणि ऑडिओलॉजिस्ट मॅडमचा नोंदणी क्रमांक तपासणीच्या अहवालावर त्यांच्या सहीखाली छापलेला असतो. त्याआधी शहरातीलच दुसऱ्या एका दुकानात हाच क्रमांक विचारला असता, "आमच्याकडे कंपनीचं ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत," असे उत्तर मिळाले होते. कंपनीचे प्रशिक्षण यंत्राची माहिती देते. कान तपासण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

तपासणीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण केंद्राची खरी पारख तेथेच होते. मॅडमनी आधी दोन्ही कानांत दुर्बिणीने पाहिले. डाव्या कानात मळ घट्ट बसलेला दिसताच त्यांनी पुढची तपासणी थांबवली आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तो काढून मगच या, असे सांगून आम्हाला परत पाठवले. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. पुढच्या वेळी ध्वनिरोधक खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे आवाज प्रथम हेडफोनमधून आणि नंतर त्यांतले ४००० हर्ट्झपर्यंतचे कानामागच्या हाडावर कंपक ठेवून ऐकवले. दोन्ही रेषा आलेखावर जवळपास एकत्र आल्या, तेव्हा दोष मध्यकर्णात नसून आतल्या कानाचा अथवा नसेचा आहे, हे त्यांनी वडिलांना आलेख समोर ठेवून समजावले. मोल्डसाठी माप घेताना आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात बसवला. ओतलेले मिश्रण पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून ही काळजी घ्यावीच लागते, आणि घाईत हीच पायरी गाळली जाण्याचा धोका असतो.

यंत्र बसवल्यावर मॅडमनी कानाजवळ कागद चुरगाळून दाखवला. वडील लगेच म्हणाले, "मॅडम, तुमचं बोलणं कळतंय, पण ह्यो कागद लईच कर्रकर्र वाजतोय." त्यांनी संगणकावर तीव्र स्वर कमी करून तोच कागद पुन्हा वाजवला आणि वडिलांची मान हलेपर्यंत हे चालू ठेवले. हे जुळवून देणे म्हणजेच निम्मे श्रवणयंत्र आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. नारंगी पट्टीच्या बॅटरीवरचा कागद काढला की ती वापरली नाही तरी उतरू लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीतच ठेवावे, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

उणिवाही आहेत. बिलात यंत्र, मोल्ड आणि पुढील सेवा यांची एकच रक्कम लिहिली होती, ती मागणी केल्यावर वेगळी करून मिळाली; श्रवणयंत्रावर जीएसटी नसतो आणि त्यांनी तो लावलेलाही नव्हता. कानात बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष मोजण्याची सोय येथे नाही, त्यामुळे सर्व भिस्त रुग्णाच्या सांगण्यावर राहते; ज्यांना नीट सांगता येत नाही अशा वृद्धांच्या बाबतीत ही मोठीच त्रुटी आहे. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे शनिवारच्या गर्दीत मॅडम दुसऱ्या रुग्णाकडे असताना मदतनीस मुलगा यंत्राचे सेटिंग बदलायला बसला. नोंदणी आहे का, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटले, आणि आम्ही मॅडम मोकळ्या होईपर्यंत थांबलो. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काम दुसऱ्याच्या हाताने, असे होऊ लागले तर नोंदणीला अर्थ उरत नाही. हे मी त्यांना समक्षही सांगितले आहे.

एवढे असूनही कोल्हापुरात कोणी विचारले तर मी याच केंद्राचे नाव सुचवीन. शनिवार टाळून सकाळची वेळ आधी ठरवून घ्यावी, सेटिंग मॅडमच करतील असे फोनवरच विचारून ठेवावे आणि आलेखाची प्रत मागून घ्यावी. ती तेथे विनातक्रार देतात, यंत्र दुसरीकडून घेणार असाल तरीही.