कॅमेरा अडखळत होता, म्हणून मी कस्टमर केअरला फोन लावला

आई चिपळूणजवळ गावच्या घरात एकटी राहते, मी ठाण्याला. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा पडवीत एक वायफायचा कॅमेरा बसवून आले. अडीच-तीन हजारांचा साधाच. अंगण, तुळस आणि बेड्याचा, म्हणजे फाटकाचा, थोडा भाग दिसतो. सहा-सात महिने छान चालला. मग जूनमध्ये अडखळायला लागला. आई तुळशीला पाणी घालून, घरात येऊन माझ्याशी फोनवर बोलायला लागायची, आणि माझ्या मोबाईलवर ती अजून तांब्या हातात घेऊन अंगणातच उभी. मध्येच चित्र थिजायचं, मग एकदम चार पावलं उडी मारायचं. पावसाळ्यात एकट्या बाईच्या घरावर नजर ठेवायची आणि ती नजरच अर्धा मिनिट मागे, याला काय अर्थ?

एका शनिवारी दुपारी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं, म्हणजे कुणीतरी पैसे भरून तो तिथे आणून ठेवला होता. ते मला नंतर दिसलं. दहा आकडी साधा मोबाईल नंबर होता. कॉलरचं नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये कंपनीचंच नाव आलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. तिथे कुणीही स्वतःला हवं ते नाव लावून घेऊ शकतो, हे ज्ञानही नंतरचं.

आता जे सांगतेय ते नीट वाचा, कारण फसण्याची खरी जागा ही आहे. त्या माणसाने घाई केली नाही, घाबरवलं नाही, पैशांचं नावही काढलं नाही. उत्तम मराठीत त्याने विचारलं, ‘मॅडम, ॲपमध्ये चित्राच्या कोपऱ्यात एचडी लिहिलंय का? त्यावर बोट ठेवा, एसडी करा.’ मी केलं, आणि चित्र सुरळीत चालायला लागलं! जरा धूसर, पण अडखळणं बंद.

यात जादू काही नव्हती. बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन चित्रं पाठवू शकतात, एक मोठं (एचडी) आणि एक हलकं (एसडी). वायफाय कमजोर असेल तर मोठं अडकतं, हलकं निभावतं. एवढं कुणीही सांगितलं असतं. पण माझा पंधरा दिवसांचा वैताग त्याने एका मिनिटात घालवला होता, आणि त्यानंतर मी त्याची तपासणी करणं सोडून दिलं. खोटं बोलून नव्हे, आधी एक खरी गोष्ट सांगून त्याने मला खिशात घातलं.

मग हळूच पुढचं. ‘हे तात्पुरतं आहे मॅडम. तुमच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, जुनं आहे, इथून अपडेट करून देतो, एचडी पण चालेल.’ त्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं. आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं. उघडल्यावर त्यात एक आकडा येतो, तो त्याला वाचून दाखवला, परवानग्यांवर ‘अनुमती द्या, अनुमती द्या’ करत गेले. ही ॲप बेकायदा नसतात, ऑफिसात आमचा कॉम्प्युटरवाला तसलंच वापरतो. म्हणूनच मला त्यात वावगं वाटलं नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९च्या फेब्रुवारीतच ‘एनीडेस्क’ या अशाच एका ॲपचं नाव घेऊन या प्रकाराबद्दल सावध केलं होतं. इतक्या वर्षांत ते माझ्या कानावरून गेलंच नसेल असं नाही.

त्याने कॅमेऱ्याचं ॲप उघडायला लावलं. आता अंगण त्यालाही दिसत होतं. आई वाळवणाची ताडपत्री ओढत होती. ‘आजी एकट्याच असतात का?’ त्याने सहज विचारलं. मी म्हटलं, हो. (पैशांचं दुःख आता बोथट झालंय. हे ‘हो’ मात्र अजून रात्री आठवतं.)

नंतर एक लिंक आली. नोंदणीचे दहा रुपये भरायचे होते. पानावर कंपनीचं बोधचिन्ह होतं. नाव, मोबाईल, डेबिट कार्डचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे. दहा रुपयांसाठी एवढं कशाला, असा विचार आला, पण दहाच तर रुपये होते. पानाने ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणत चक्र फिरवत ठेवलं. तेवढ्यात आईचा फोन आला. ‘कट करा मॅडम, अपडेट मध्येच थांबेल.’ कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा मात्र धस्स झालं आणि उचलला.

‘अगो, मघापासून फोन का कापतेस? तुझ्या त्या कॅमेऱ्याचं तोंड आपोआप फिरतंय. कोण फिरवतंय?’

मी फिरवत नव्हते. त्याला होल्डवर ठेवून मेसेज उघडले तर बँकेचे चार. दोन ओटीपीचे, दोन पैसे गेल्याचे: २४,५०० आणि १८,९९९. ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती, माझी स्क्रीन तो बसून वाचत होता. ओटीपीच्या मेसेजात रक्कम ठळक लिहिलेली असते, आणि तो मेसेज माझ्या डोळ्यांदेखत वर चमकून गेला होता.

मोबाईल आधी बंद केला. हे एक बरं सुचलं. यजमानांच्या फोनवरून कार्डामागच्या नंबरला फोन करून कार्ड बंद केलं, मग १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिथल्या बाईंनी पाल्हाळ ऐकून घेतलं नाही, थेट विचारलं: रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक. हे तिन्ही समोर ठेवूनच फोन करा. मी दोनदा ‘थांबा हं, बघते’ म्हणत वेळ घालवला, आणि तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असतं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार भरली. दुसऱ्या व्यवहारातले ११,२०० रुपये कुठल्याशा खात्यात रोखून ठेवलेत, असं पोलिसांकडून कळलं. ते कोर्टाचा आदेश झाल्यावर मिळतील, असं तेव्हा सांगितलं. बाकीचे गेले.

बँकेत भांडून पाहिलं. मॅनेजरांनी शांतपणे रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक समजावलं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्डाचा नंबर मी माझ्या हाताने भरला होता. मी ‘पण ओटीपी दिला नाही’ हे एकच पालुपद लावलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

त्याच रात्री सगळे पासवर्ड बदलले. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ‘शेअर केलेले सदस्य’ असा एक भाग असतो, तो मी कधी उघडलाच नव्हता. त्यात एक अनोळखी ईमेल होता! माझ्याच स्क्रीनवर, बहुधा मी कार्ड शोधायला पर्समध्ये डोकं घातलं असताना, त्याने स्वतःला आत घेतलं होतं. पैसे काढून झाल्यावरही आईचं अंगण त्याला दिसत राहिलं असतं. तो काढला, कॅमेरा रिसेट केला, मोबाईलही पुसून पहिल्यासारखा केला. कॅमेरावाल्यांना माझं एवढं एकच सांगणं: ती यादी आत्ता उघडून बघा.

आणि चित्र अडखळण्याचं खरं कारण? पुढच्या शनिवारी गावी गेले, वाडीत केबलची कामं करणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, ‘काकी, राऊटर ओटीवर होता ना?’ मे महिन्यात इन्व्हर्टर बसवला तेव्हा वायरमनने राऊटर उचलून माजघरात इन्व्हर्टरशेजारी ठेवला होता. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये जांभ्याच्या दोन भिंती, एकेक हातभर रुंद. वायफाय त्यातून गाळून गाळून बाहेर येत होतं. ॲपमध्ये सिग्नलची टक्केवारी दिसते, ती २८ होती. राऊटर परत ओटीवर आणला, इन्व्हर्टरची लाईन तिथवर ओढली, ८१ झाली. इंटरनेटचा प्लॅन तोच, कॅमेरा तोच. एचडी चालतं. वायर आणि सॉकेट मिळून ३४० रुपये झाले, मजुरी घ्यायला तो तयार नव्हता, आईने फणसाचे गरे दिले.

कंपनीचा खरा नंबर १८०० ने सुरू होणारा आहे. खोक्यावर छापलाय आणि ॲपमध्ये ‘मदत’ या शब्दाखालीही आहे. त्या जाहिरातीची मी तक्रार केली, दोन दिवसांत ती गेली. काल मुद्दाम तेच शब्द टाकून पुन्हा शोधलं. सगळ्यात वर, बारीक अक्षरात ‘प्रायोजित’, आणि खाली नवा दहा आकडी नंबर.