सौर पॅनेल बसवताय? बॅटरीसह की बॅटरीविना, हे आधी ठरवा

छतावर सौर पॅनेल बसवायचं नक्की झालं की बहुतेक लोक आधी कंपन्या आणि मॉडेल शोधायला लागतात. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. १९५४ साली बेल लॅब्जने दाखवलेला सिलिकॉन सेल अंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करायचा. आज छतांवर बसणारे पॅनेल २० ते २३ टक्क्यांपर्यंत जातात. पॅनेलांचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की त्यांची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, अशी चाल गेली कित्येक दशकं टिकून आहे. त्यामुळे चांगल्या पॅनेलांमध्ये आता एकोणीस-वीसचाच फरक उरलाय. पैशाचं गणित खऱ्या अर्थाने पालटतं ते बॅटरी घ्यायची की नाही यावर.

बॅटरीविना, थेट ग्रिडला जोडलेली यंत्रणा

ही सर्वांत साधी आणि कमी खर्चाची. दुपारी जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते, संध्याकाळी तिथूनच परत घेता येते. दिलेल्या प्रत्येक युनिटमागे एक युनिट बिलातून वजा होत असेल, म्हणजे पूर्ण नेट मीटरिंग मिळत असेल, तर वीज कंपनीच तुमची वीज फुकट साठवून देतेय. अशा ठिकाणी केवळ बचतीसाठी बॅटरी घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

पण ही सोय कायमची असेल असं धरून चालू नका. दुपारी सगळ्यांच्याच छतांवर वीज तयार होते आणि सूर्य मावळला की सगळ्यांनाच ती एकदम हवी असते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ साली याचा आलेख मांडला. बदकासारखं दुपारी खोल पोट आणि संध्याकाळी उंच मान, म्हणून त्याला 'डक कर्व्ह' म्हणतात. दुपारची वीज जितकी मुबलक, तितकी तिची किंमत कमी; जर्मनीत तर कधीकधी घाऊक बाजारातला दर शून्याच्याही खाली जातो. एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने नवीन ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे ७५ टक्क्यांनी कमी केला. आधी जोडणी घेतलेल्यांना जुने नियम २० वर्षांसाठी राहिले. म्हणून करार करताना आजच्या दरापेक्षा तो दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे, हे आधी विचारा.

दुसरी उणीव अनेकांना यंत्रणा बसल्यावर कळते. ग्रिडची वीज गेली की लख्ख उन्हातही हे पॅनेल बंद पडतात. यात बिघाड काही नाही. तारेवर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ग्रिड गेल्याबरोबर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून थांबतो. हा नियम योग्यच आहे, पण 'आता वीज गेली तरी चिंता नाही' अशा समजुतीने पैसे भरले असतील तर पदरी निराशा येते.

बॅटरीसह

लिथियम बॅटरी पॅकच्या किमती २०१०च्या तुलनेत सुमारे ९० टक्के उतरल्या आहेत. घरगुती बॅटरी मात्र त्याच प्रमाणात स्वस्त झालेली दिसत नाही, कारण तिच्या किमतीत इलेक्ट्रॉनिक्स, पेटी आणि बसवण्याचा खर्चही असतो. प्रकारांमध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. ती थोडी जड आणि मोठी असते, पण उष्णतेत जास्त स्थिर राहते आणि टिकतेही जास्त. लेड अ‍ॅसिड सुरुवातीला स्वस्त वाटते, पण रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. रोजच्या वापरासाठी ती मी सुचवणार नाही.

आता हिशेब. १० युनिटच्या बॅटरीच्या माहितीपत्रकात '६,००० सायकल' (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी करणं) लिहिलेलं असतं आणि विक्रेता ६०,००० युनिटचा आकडा सांगून मोकळा होतो. पण हमी बहुतेक वेळा १० वर्षांचीच असते. रोज एक सायकल धरली तरी ३,६५० होतात. त्यात वापरता येतात समजा ९ युनिट, म्हणजे ३२,८५०. वर्षागणिक क्षमता झिजते, ती सरासरी ९० टक्के धरली तर उरतात साधारण २९,५००. ढगाळ दिवस आणि घर बंद असलेले दिवस वजा केले की २५,००० हा प्रामाणिक आकडा. बॅटरीच्या बसवून मिळणाऱ्या एकूण किमतीला या २५,००० ने भागा. एक युनिट साठवायला किती पैसे पडतात ते कळेल. भरताना आणि काढताना साधारण १० टक्के वीज वाया जाते, तेही यात मिळवा. संध्याकाळी विकत घ्यायच्या विजेचा दर आणि दुपारी ग्रिडला देण्याचा दर यांतला फरक या आकड्यापेक्षा जास्त असेल, तरच बॅटरी पैसे वाचवते.

वीज वारंवार जात असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे बॅटरीला बचतीच्या हिशेबात बसवू नका. जनरेटर किंवा साध्या इन्व्हर्टरवर झाला असता त्या खर्चाशी तिची तुलना करा. आणि पूर्ण घर चालवायचा हट्ट सोडा. दिवे, पंखे, फ्रिज आणि इंटरनेट एवढ्यापुरती लहान बॅटरी बहुतेक घरांना पुरते.

ग्रिड पूर्णपणे सोडून देणं मात्र, वीज पोहोचतच नाही अशी जागा नसेल तर, मी टाळायलाच सांगेन. त्यासाठी वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्याच्या मापाने पॅनेल आणि बॅटरी घ्यावी लागते आणि उरलेलं वर्षभर बरीच वीज वाया जाते. बॅटरी दुपारची वीज रात्रीपर्यंत नेते. उन्हाळ्याची वीज हिवाळ्यापर्यंत नेणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे.

कशाकडे झुकावं?

आधी मीटरवरून पाहा, तुमचा वापर दिवसाच्या कोणत्या तासांत होतो. पाणी तापवणं, पंप, कपड्यांचं मशीन, गाडीचं चार्जिंग ही कामं दुपारी सरकवता आली तर त्याहून स्वस्त 'साठवण' दुसरी नाही. एवढं करूनही संध्याकाळचा मोठा वापर उरला आणि ग्रिडला दिलेल्या विजेला फारसा भाव नसेल, तर त्या उरलेल्या वापरापुरतीच बॅटरी घ्या.

निर्णय होत नसेल तर एक मधला मार्ग आहे: आज फक्त पॅनेल आणि हायब्रिड इन्व्हर्टर (ज्याला नंतर बॅटरी जोडता येते), बॅटरी पुढे. पॅनेल २५ वर्षं सहज चालतात, वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता गमावत. इन्व्हर्टर मात्र १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, हा खर्च कोणताही पर्याय निवडला तरी आत्ताच हिशेबात धरा. उष्णतेचंही विचारा. पॅनेलची क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून मोजतात. कडक उन्हात सेल ६० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे ५ किलोवॉटची यंत्रणा भर दुपारी ४.४ किलोवॉटच्या आसपासच चालते. विक्रेत्याच्या वार्षिक अंदाजात ही घट धरली आहे का, ते पाहून घ्या.

बॅटरी घेणारच असाल तर दोन गोष्टी लेखी मागा. एक, वीज गेल्यावर ती घराला आपोआप पुरवठा करेल का, कारण काही यंत्रणांमध्ये त्यासाठी वेगळी बॅकअप पेटी लागते आणि ती कोटेशनमध्ये नसते. दोन, ती एका वेळी किती किलोवॉट देऊ शकते. १० युनिट साठवणारी बॅटरी जर एका वेळी ३ किलोवॉटच देत असेल, तर एसी आणि पाण्याचा हीटर एकदम लावल्यावर ती भरलेली असूनही घर अंधारात जाईल.