रोजचा कॉल की लेखी अपडेट? पुणे–न्यू जर्सी टीमसाठी

टीम पुण्यात, क्लायंट न्यू जर्सीत. असा प्रोजेक्ट नव्यानं हाती आला की लीडला आधी हेच ठरवावं लागतं: रोज सगळ्यांना कॉलवर घ्यायचं, की प्रत्येकानं दिवसाअखेर चार ओळी लिहून ठेवायच्या?

कॉलवर माणूस दिसतो. "हो, होईल" म्हणताना कोणी अडखळलं तर तिथंच विचारता येतं. स्क्रम या सॉफ्टवेअर टीमच्या कामाच्या पद्धतीत रोजच्या भेटीला १५ मिनिटं दिली आहेत; दहा-बारा जण जमले की त्याचा पाऊण तास होतो. त्यात वेळेचा घोळ. न्यू जर्सीत सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ७:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत. तोच कॉल रात्री ८:३० वर येतो आणि मार्चपर्यंत तिथंच राहतो. माझ्या टीममधली एक जण ते चार महिने पोळ्या लाटता लाटता, म्यूटवर राहून कॉल ऐकायची. पाळी आली की पीठाचे हात पुसून बोलायची. ते कळल्यापासून रोजच्या रात्रीच्या कॉलची बाजू मला घेववत नाही.

लेखी अपडेट आपण झोपलेले असताना तिकडे वाचलं जातं, सकाळी उत्तर आलेलं असतं. ऑफिसच नसलेल्या गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीनं तर कामाची पद्धतच जाहीर हँडबुकमध्ये लिहून ठेवली आहे. पण लिहायला शिकवावं लागतं. "लॉगिनचं काम चालू आहे" यातून काहीच कळत नाही. "टेस्ट सर्व्हरवर ओटीपी येत नाही, क्लायंटची परवानगी हवी, बुधवारपर्यंत मिळाली नाही तर शुक्रवारचं रिलीज हुकेल" असं लिहिलं की तिकडची चक्रं फिरतात. ही सवय लागायला महिना तरी जातो. तोवर लीडनं रोज स्वतः वाचून प्रश्न विचारायचे. तेवढा वेळ देता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

माझं मत: लेखी अपडेट रोज, क्लायंटसोबत कॉल आठवड्यातून दोनदा. निम्मी टीम फ्रेशर असेल तर पहिला महिना रोज कॉल ठेवा, पण दुपारी आणि फक्त आपल्या लोकांचा. दोघांत वाजलं असेल तर लिहीत बसू नका, सरळ फोन लावा. आणि ऑक्टोबरातच क्लायंटशी बोलून हिवाळ्यातला कॉल तिकडच्या सकाळी ९ वर आणा, म्हणजे आपले ७:३० कायम राहतात.