कोकणकन्येचा कूपे

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला डेक्कन ओडिसी या आलिशान पर्यटन रेल्वेचं मनात होतं. भाडं लाखांत बघून ह्यांनी चष्माच काढून ठेवला. मग सीएसएमटीहून मडगावला रात्रीच्या कोकणकन्येचं फर्स्ट एसी काढलं. चार्ट लागल्यावर दोघांचा कूपे (दोनच बर्थची बंद खोली) मिळाला (हे नशीब हं, आधी मागून मिळेलच असं नाही). दार सरकवून कडी लावली की आपलं राज्य! पांढऱ्या चादरी, साइड बर्थ नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के नाहीत. घरचे दडपे पोहे रात्री बाराला खाल्ले. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागला, तेव्हा जागी होते. हे घोरत होते. सावंतवाडीला पाऊस. विमानात हे कुठलं?