पालातली पाल : सारंगखेड्याच्या यात्रेतील काष्ठौषधींचे दुकान

दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत बहुतेक लोक घोडे पाहायला जातात; मी घोडेबाजारातून एक फेरी मारून थेट एका काष्ठौषधीवाल्याच्या पालात शिरतो. गेली चार वर्षे हिवाळ्याचा डिंक, हिरडा, बेहडा, नागरमोथा आणि मुरडशेंग मी याच्याकडून घेत आलो आहे. माल चांगला असतो. डिंक काडीकचऱ्याशिवाय मिळतो, हिरडा फोडून दाखवायला तो कंटाळत नाही, आणि मागच्या वर्षी किडके निघालेले बेहडे त्याने कुरकुर न करता बदलून दिले होते. वजनाचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती मागच्या फळीवरील काचेच्या बरणीविषयी. तिच्यात वीतभर लांबीचे, वाळून कडक झालेले सरडेवजा प्राणी उभे रचलेले होते. मी विचारताच दुकानदार म्हणाला, "भाऊ, हाई रेतीमानी मासोळी शे, दूधमा ल्या." भाव नगाला ३०० रुपये. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे औषधापेक्षा कुतूहलापोटी एक नग घेतला आणि उजेडात नेऊन पाहिला.

नग खोटा निघाला, पण दुकानदाराने सांगितलेले नाव खोटे नव्हते. युनानी वैद्यकात 'रेगमाही' म्हणून जे द्रव्य येते त्याचा अर्थ फारसीत 'वाळूतली मासोळी' असाच होतो. ती उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानच्या वाळवंटातील एक सुरळी, म्हणजे सरड्यासारखा सरपटणारा प्राणी, असून वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने तिला १७५८ साली शास्त्रीय नाव दिले. तिची ख्याती त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस तिला एक प्रकारची जमिनीवरची मगर म्हणतो, ती जिथे मिळते त्या देशांत भारताचेही नाव घेतो, आणि तिच्या मूत्रपिंडांजवळचा भाग मद्यातून घेतल्यास कामेच्छा वाढते अशी समजूत नोंदवतो. विषावरचा उतारा मानल्या गेलेल्या मिथ्रिडेट या बहुद्रव्यी औषधातही ती पडत असे. पुढे अरबी वैद्यकात तिला 'सकनकूर' हे नाव मिळाले, मध्ययुगातील नामांकित वैद्य इब्न सीनानेही तिची दखल घेतली, आणि मगरीचे अंडे कोरड्यावर फुटले की सकनकूर जन्मते अशी एक कथाही तिला चिकटली. दूधमा ल्या, हा सल्ला म्हणजे त्या मद्याचीच आपल्याकडची आवृत्ती म्हणायची.

प्रत्यक्षात या प्राण्यात नवल आहे ते वाळूत पोहण्याचे. अमेरिकेत २००९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने वाळूखालची तिची हालचाल टिपली गेली, तेव्हा ती पाय अंगाशी घेऊन केवळ शरीराच्या लाटांवर पुढे सरकते असे दिसले. त्यासाठी लागणारे पाचरीसारखे तोंड, वरच्या जबड्याआड दडलेला खालचा जबडा, बोटांच्या कडेने खवल्यांची झालर आणि काचेसारखी गुळगुळीत कातडी, हे सगळे तिच्याजवळ आहे.

माझ्या हातातल्या नगात यातले काहीच नव्हते. तोंड बोथट, बोटे साधी, आणि पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला तर खवल्यांवरच्या बारीक उभ्या कंगोऱ्यांचा खरखरीत स्पर्श लागत होता. ही आपल्या बांधावरची, केळीच्या वाळक्या पाचोळ्यात किडे टिपत फिरणारी साधी सापसुरळी होती. बरणीतल्या निम्म्या नगांना शेपटीही नव्हती. पकडणाऱ्याच्या हातात शेपूट सोडून पळायचे, हा तिचा बचाव त्यांच्या कामी आलेला नव्हता.

माझी आजी हिलाच सापाची मावशी म्हणे आणि चावली तर माणूस पाणी मागत नाही असे बजावत असे. ही सुरळी बिनविषारी आहे. सापाला नसणारी पापणी तिला आहे, कानाचे भोकही आहे, आणि त्या वाळलेल्या नगावर ती दोन्ही स्पष्ट दिसत होती. गंमत अशी, की जिला घरात दिसताच झाडूने मारतात तीच बरणीत गेली की ३०० रुपयांची होते. राजस्थान, गुजरात आणि सिंधच्या वाळूत राहणाऱ्या एका सुरळीला १९६६ साली दिलेल्या शास्त्रीय नावात 'रैथमाई' हा शब्द आहे, म्हणजे रेगमाहीचा आपल्याकडेही नातलग आहे. पण तिचे पाय नावापुरतेच असतात, त्यामुळे बरणीत तीही नव्हती.

मी दुकानदाराला कंगोरे दाखवले. त्याने एकदा अंगठा फिरवला, माल धुळ्याच्या बाजूने येणारा एक फिरता विक्रेता देतो एवढेच सांगितले, आणि पैसे परत न देता त्या किमतीचा डिंक तोलला. डिंक नेहमीसारखाच स्वच्छ निघाला. नग त्याने पुन्हा बरणीत टाकला आणि झाकण लावले. काष्ठौषधींसाठी पाच पैकी चार गुण, बरणीसाठी शून्य.