रोजच्या वाचनासाठी मराठी ‘पवित्र शास्त्र’: बायबल सोसायटीच्या आवृत्तीचे परीक्षण

बायबल सोसायटी ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेले मराठी ‘पवित्र शास्त्र’ आमच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत अनेक वर्षे वाचले जात आहे. ते कोणत्या आकाराचे घ्यावे आणि वाचनाला कोठून सुरुवात करावी, असे आमच्या चर्चच्या मंडळीतील नवविवाहित जोडपी वरचेवर विचारतात. म्हणून हे परीक्षण छपाई आणि बांधणीपुरते न ठेवता, कामाधंद्याच्या दिवसात हा ग्रंथ कसा उपयोगी पडतो या अंगाने लिहीत आहे.

या आवृत्तीत जुन्या कराराची 39 आणि नव्या कराराची 27, अशी 66 पुस्तके आहेत. मजकूर प्रसंगानुसार मथळे देऊन विभागलेला आहे, आणि शुभवर्तमानांतील (येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक व योहान या चार पुस्तकांतील) अनेक मथळ्यांखाली तोच प्रसंग इतर शुभवर्तमानांत कोठे आला आहे, याचा निर्देश कंसात दिलेला आहे. हे निर्देश पुष्कळ वाचक ओलांडून पुढे जातात. माझ्या मते मात्र घरगुती वाचनासाठी या आवृत्तीतील सर्वांत मोलाची सोय तीच आहे. पाच हजारांना भोजन दिल्याचा प्रसंग घ्यावा. तो मत्तय 14, मार्क 6, लूक 9 आणि योहान 6 अशा चारही ठिकाणी आहे (नावापुढील आकडा अध्यायाचा). पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळ होते, हे फक्त योहान सांगतो, आणि सर्वांची तृप्ती झाल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा, ही येशूची आज्ञाही तोच नोंदवतो. हजारोंना पुरून उरेल इतके देणारा प्रभू उरलेल्या तुकड्यांचीही काळजी करतो, हे ज्या घरात वाचले गेले, त्या घरात रात्रीच्या शिळ्या भाकरीकडे आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या विनंतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. चार उतारे शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास लागतो, परंतु लहान मुलेसुद्धा त्यात रस घेतात, कारण कोणी काय सांगितले आणि कोणी काय गाळले, हे शोधणे त्यांना आवडते.

दैनंदिन व्यवहारातील श्रद्धा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी प्रत्येकाला मजुरीविषयीची वचने एका बैठकीत वाचायला सुचवतो. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय 19 सांगते; अनुवाद 24 त्याच आज्ञेला सूर्यास्ताची मुदत घालते आणि कारणही देते, की तो मनुष्य गरीब आहे व त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो; आणि कित्येक शतकांनंतर नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहितो की शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. अहिल्यानगर आणि बीड या जिल्ह्यांत, जेथे ऊसतोडीचा हंगाम, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) आणि नवरा-बायकोचा ‘कोयता’ (तोडणीला जाणारी जोडी) हे शब्द घराघरांत ठाऊक आहेत, तेथे या वचनांचा अर्थ समजावून सांगण्यासाठी वेगळ्या प्रवचनाची गरज पडत नाही. घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, त्यांनी मागण्याआधी हातात देणे, हा माझ्या दृष्टीने शास्त्रवाचनाचाच भाग आहे. याला जोडून रूथचा 2 रा अध्याय वाचावा, कारण शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडण्याचा नियम तेथे एका विधवेच्या पदरात पडलेल्या जवाच्या रूपाने दिसतो, आणि शेताचा मालक बवाज त्या नियमापलीकडे जाऊन पेंढ्यांतील काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम टाकायला सांगतो.

नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे. आजारपणाच्या घरात मात्र मी स्तोत्रसंहितेकडे वळतो. 13 वे स्तोत्र ‘कोठवर’ असे देवाला वारंवार विचारते, आणि 88 वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. दुखणाईताच्या उशाशी बसून आशेची वाक्ये तोंडावर येत नसतील, तेव्हा शास्त्रानेच दिलेले हे शब्द निःसंकोचपणे म्हणता येतात.

आता उणिवांविषयी. या आवृत्तीची मराठी भारदस्त आहे आणि उपासनेत मोठ्याने वाचताना ती शोभते. पण दहावी-बारावीतल्या मुलांना, त्यातही इंग्रजी माध्यमातल्या, पौलाच्या पत्रांतील लांब वाक्ये जड जातात. सोप्या मराठीची ही निकड नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, ते साध्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवूनच. शिवाय या आवृत्तीत भाष्य नाही, त्यामुळे लेवीयातील यज्ञांचे विधी किंवा प्रकटीकरणातील दृष्टान्त एकट्याने वाचणारा अडखळतो. तेथे पाळकांना विचारावे, किंवा वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ सोबत ठेवावे. कॅथलिक वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की 66 पुस्तकांच्या या आवृत्तीत त्यांच्या बायबलमधील तोबित, मक्काबी इत्यादी पुस्तके नाहीत.

खरेदी करताना चेनचे वेष्टन आणि सोनेरी कडा यांपेक्षा अक्षराचा आकार पाहावा. लहान आकाराची प्रत प्रवासात बरी, परंतु घरात साठी ओलांडलेले कोणी असेल तर मोठ्या अक्षरांचीच घ्यावी, कारण कौटुंबिक प्रार्थनेत वाचनाची पाळी आजी-आजोबांवरही यावी. प्रत यशयाच्या आसपास उघडून टेबलावर ठेवावी. ती हात न लावता उघडी राहिली तर बांधणी रोजच्या वापराला योग्य आहे असे समजावे. कागद पातळ असल्याने शाईचे पेन मागच्या पानावर उमटते, म्हणून खुणांसाठी पेन्सिल वापरावी. ज्यांना अक्षरओळख नाही किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांच्यासाठी मराठी बायबलचे ध्वनिमुद्रित वाचन मोबाइलवर विनामूल्य मिळते, ते अवश्य लावून द्यावे. नव्या जोडप्याने उत्पत्तीपासून सरळ वाचत जाण्याचा संकल्प न करता मार्कच्या 16 अध्यायांपासून, रात्री एक या बेताने, सुरुवात करावी, आणि ते संपल्यावर रूथ व याकोबाचे पत्र घ्यावे.